बिरीव्ह म्हणजे लुटणं

आमच्या घरात इंग्रजी आलं ते बोरकर सरांच्या ट्रंकेतून. सर अमरावतीकडचे. आमच्या रिठदच्या शाळेत लागले तेव्हा गावात भाड्याची खोली मिळणं कठीण होतं, आणि मास्तर माणूस घरात राहिला तर पोरीचा अभ्यास होईल म्हणून बाबांनी समोरची खोली त्यांना देऊन टाकली. ट्रंकेत चार शर्ट, एक आरसा आणि विटेसारखा जाड इंग्रजी शब्दकोश होता. उंदरांनी त्याची पाठ कुरतडलेली पाहून आईनं जुन्या लुगड्याचा तुकडा काढला आणि त्याला शिवून दिला. नुसता अर्थ सांगून सरांचं समाधान व्हायचं नाही. कोणताही शब्द विचारला की ते चष्मा पुसत म्हणायचे, "थांब, आधी याचं गाव कोणतं ते पाहू." मग तो शब्द कुठून निघाला, कोणत्या मुलखातून आला, वाटेत काय टाकून आला आणि काय उचलून आला, ते असं सांगायचे की जणू पाहुण्याबद्दलच बोलत आहेत. मी पुढे जन्मभर इंग्रजी शिकवलं ते त्या खोलीच्या उंबऱ्यात बसून ऐकलेल्याच्या बळावर.

घर आमचं साधं, मातीच्या भिंतींचं, पण त्या काळात ते कधी शांत नसायचं. सकाळी आईच्या भाकरी थापण्याचा आवाज, गोठ्यात बैलांच्या घंट्या, दूर वेशीजवळच्या पिठाच्या गिरणीची फुकफुक. आणि या सगळ्यावर दादाचा आवाज. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ वसंता. तो सातवीनंतर शेतात लागला होता, पण सरांकडून रोज एखादा इंग्रजी शब्द मागून घ्यायचा आणि दिवसभर वापरायचा. बैलांना "कम ऑन" म्हणायचा. वहिनीला "मॅडम" म्हणायचा. "मॅडम, आज पातोडीची भाजी करता का?" असं त्यानं चुलीपाशी येऊन म्हटलं की वहिनी तोंडाला पदर लावून हसायची आणि आई खोटं रागवायची, "हो बाजूले, लेकराचा बाप झाला तरी अक्कल नाई." लेकरू म्हणजे बाळ्या, तेव्हा जेमतेम पालथं पडायला लागलेला. सुमनवहिनी शिरपूरच्या अलीकडच्या एका खेड्यातली. बोलायची कमी. तिच्या हातची बेसनाची पातोडी मात्र अशी मऊ वळायची की रस्सा संपला तरी दादा ताट चाटत बसायचा. तिखट रश्श्याचा तो वास आजही एखाद्या घरावरून जाताना आला की मी क्षणभर थांबते. आता वाशीमच्या या कॉलनीत तो वास फारसा येत नाही.

आमच्याकडे थोडी हळद असायची. हळद निघाली की शेतातच मोठ्या कढईत ती शिजवायची आणि खळ्यावर वाळत घालायची. त्या दिवसांत घरातल्या सगळ्यांचे तळवे पिवळे असत, भाकरीलाही हळदीचा वास येई. त्या वर्षी हळद वाळत आली होती आणि दुपारी अचानक आभाळ भरून आलं. दादा जेवत होता. तो तसाच उठला. आई म्हणाली, "भाकर तर खाऊन जाय." तो म्हणाला, "झाकून येतो न बाप्पा, भिजली तं काळी पडीन." वहिनीनं त्याचं ताट टोपल्याखाली झाकून ठेवलं. पाऊस म्हणावा असा आलाच नाही. वारा आला, मोठे मोठे चार थेंब आले आणि एक वीज कडाडली, ती अशी की घरातल्या भांड्यांना आवाज फुटला. थोड्या वेळात ऊन पडलं. सर म्हणालेसुद्धा, "गेलं वाटतं आभाळ." मग शेजारच्या शेतातला माणूस पळत आला. तो आमच्या दारात उभा राहिला आणि खळ्याकडे हात दाखवत राहिला. हळद सगळी झाकलेली होती. दादा खळ्याच्या कडेच्या निंबाखाली पडलेला होता.

त्यानंतरचं मी फार लिहिणार नाही. गाव आलं, नातेवाईक आले. वहिनीच्या बांगड्या फोडल्या तेव्हा मी मागच्या दारी जाऊन कानांत बोटं घातली होती. जो येई तो आईजवळ बसून एकच बोले, "देवानं नेला, बाई. त्याचं होतं, त्यानं नेलं." आई कोणालाच उत्तर द्यायची नाही. तिच्या डोळ्यांत पाणीही दिसायचं नाही, आणि त्याचंच बायांना नवल वाटायचं. ती बाळ्याला मांडीवर घेऊन समोर बघत बसायची. बाबा मात्र मोठ्यानं रडले आणि मग हळूहळू बाळ्यात गुंतले. त्याला खांद्यावर घेऊन वावरात जायचे, त्याच्याशी "वसंता, वसंता" म्हणून बोलायचे. वहिनी ते ऐकायची आणि काम करत राहायची. घरात आता आवाज नव्हता. बैलांनाही कोणी "कम ऑन" म्हणत नव्हतं.

मी दहावीत गेले. पावसाळ्यात कधीतरी सर वर्गात इंग्रजीचा एक धडा वाचत होते. त्यात एका म्हाताऱ्या बाईचा मुलगा दूर देशी मरतो. वाचता वाचता सर एका ओळीवर अडखळले, ती ओळ सोडून पुढे गेले. सरांनी शब्द सोडला असं कधी होत नसे. माझ्या पुस्तकात मी ती ओळ पाहिली. तिथे "बिरीव्ह्ड मदर" असं होतं. मला अर्थ माहीत नव्हता. संध्याकाळी दिवे लागल्यावर मी पुस्तक घेऊन उंबऱ्यात बसले आणि विचारलं. सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"उद्या पाहू," ते म्हणाले.

"परीक्षेत आला तर?"

मग त्यांनी शब्दकोश काढला. आपल्याशीच बोलल्यासारखं हळू आवाजात ते सांगू लागले. आज हा शब्द फक्त मरणाच्या संदर्भात वापरतात. कोणाचं जवळचं माणूस गेलं की तो माणूस बिरीव्ह्ड. पण मुळात यात मरण नाही. जुन्या इंग्रजीत रीव्ह म्हणजे लुटणं, दरोडा घालून नेणं. आपण दरोडेखोराला रॉबर म्हणतो तो रॉब त्याच कुळातला. आणि त्याला पुढे 'बी' लागलं की अर्थ होतो पुरतं, सगळं. बिरीव्ह म्हणजे पुरतं लुटणं. "आणि हे बघ," सरांना मूळ सापडलं की राहवत नसे, "रोब म्हणजे झगा, तोही यातलाच. आधी त्याचा अर्थ होता शत्रूच्या अंगावरून उतरवून आणलेले कपडे. लुटीतला माल." एवढं बोलून ते थांबले, कारण मधल्या दारात सूप घेऊन वहिनी उभी होती. तिच्या अंगावर पांढरट लुगडं होतं आणि हात मोकळे. सरांनी शब्दकोश मिटला. त्या संध्याकाळी ते जेवायला आले नाहीत, डोकं दुखतं म्हणाले.

आई चुलीपाशी होती. तिनं आतून सगळं ऐकलं असावं. मला भाकर वाढता वाढता तिनं विचारलं, "काय सांगत होते वं सर? कोनाले लुटलं म्हने?"

मी तिला जमेल तसं सांगितलं. ज्या आईचा मुलगा जातो तिच्यासाठी इंग्रजीत शब्द आहे, आणि त्याचा अर्थ लुटलेली.

आई तव्यावरची भाकर उलटायची विसरली. मग म्हणाली, "नेलं म्हनत नाईत थे?"

"नाही. लुटलं."

"बरोबर हाये. नेनारा मानूस इचारून नेते." थोड्या वेळानं तिनं पुन्हा विचारलं, "अन् लुटनाऱ्याचं नाव येते का त्या शब्दात?"

मी विचार केला आणि म्हणाले, "नाही. ज्याचं गेलं त्याचंच येतं."

 भाकर जळाल्याचा वास सुटला तेव्हा तिनं तवा उतरवला, आणि मी पाहिलं की ती रडत होती. दादा गेल्यापासून मी तिला पहिल्यांदाच रडताना पाहत होते. आवाज न करता, निखाऱ्यांकडे बघत ती रडली, आणि मग उठून तिनं बाळ्याची गोधडी झटकली.

दिवाळीनंतर वहिनीचा भाऊ देवराव आला. चांगला माणूस होता तो, वाईट बोलायला जागा नाही. बाबांजवळ बसून त्यानं सांगितलं की मानोऱ्याकडचा एक माणूस आहे, घरचं वावर आहे, बायको बाळंतपणात गेली, सुमनशी पाट लावायला तयार आहे. वहिनी तेव्हा विशीतही पुरती आली नव्हती. बाबा म्हणाले, "मी आडवा येत नाई. पोरीचं आयुष्य हाये. पन लेकरू आमचं." देवराव म्हणाला, "थेच बोलाचं होतं मामाजी. थो मानूसही म्हन्ते, पोरगं नोको." दोघांचंही जमलं. सगळ्यांनाच ते शहाणपणाचं वाटलं. पोरीला संसार मिळत होता, बाबांना वसंताची निशाणी मिळत होती. गावातले चार जण आले, त्यांनीही मान हलवली. वहिनी आत भांडी घासत होती. तिला कोणी विचारलं नाही, पण भांडी घासायचा आवाज थांबला होता, ते मला बाहेर कळत होतं. आई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तीही काही बोलली नाही. आज मला वाटतं, तिलाही बाळ्या हवाच होता. दुसरं काय उरलं होतं तिच्याजवळ?

वहिनी गेली त्या सकाळी तिनं बाळ्याला पोटभर पाजलं. मग त्याला माझ्याकडे दिलं आणि माहेरी जायला देवरावाच्या मागे एसटी स्टँडकडे चालू लागली. मागे वळून पाहिलं नाही. आईनं तिला तसंच सांगितलं होतं, की वळून पाहू नको, पाय निघणार नाहीत. बाळ्याला वाटलं ती पाणी आणायला गेली. दुपारपर्यंत तो दाराकडे बघत खेळला. मग रडायला लागला.

त्याचं ते रडणं मी विसरले नाही. शेळीचं दूध वाटीत घेऊन आई त्याच्या मागे फिरायची, तो तोंड फिरवायचा. भिंत धरून उभा राहायचा, तसाच सरकत दारापर्यंत जायचा आणि वहिनी जिथे सूप घेऊन बसायची तिथे जाऊन हात आपटायचा. बाबा त्याला खांद्यावर घेऊन गावभर फिरले. तो थकून झोपायचा आणि उठला की पुन्हा दाराकडे. अंगात ताप भरला. सरांनी रिसोडहून औषध आणून दिलं. ताप उतरला, पण लेकरू चिमणीसारखं झालं. त्यातच एक बाई शिरपूरच्या बाजाराहून आली आणि आईजवळ बसून म्हणाली, "तुह्यी सून पायली व मी. चोळी सारी वली. दूध आटून नाई राह्यलं. मायीजवळ बसून पिळून टाकते म्हने, अन् रडते." आईनं तिला पाणी दिलं, चहा दिला, वाटेपर्यंत पोचवलं. परत आली आणि बाळ्याचं टोपरं, दोन झबली, गोधडी बांधू लागली.

बाबांनी पाहिलं. "कुठी चालली?"

"त्याच्या मायीपाशी नेतो."

"आता सवय होऊन राह्यली त्याले. अजून आठ दिसानं इसरून जाईन."

"इसरन," आई म्हणाली. "लेकरू इसरन. थे नाई इसरनार."

"अन् आपल्याजवळ काय राह्यते मंग? एवढंच तं राह्यलं वसंताचं!" बाबांचा आवाज फाटला.

आई गाठ मारता मारता थांबली. "माह्यं लुटलं तवा मी कोनाचं नाव घेऊ? देवाचं? इजेचं? नाव घ्याले कोनी नव्हतं. आता मी हे लेकरू ठेवून घेतलं तं तिले नाव घेता येईन. माह्यं नाव घेईन थे, जलमभर. मले नाई चालत."

बाबा खाटेवर बसले, तोंड भिंतीकडे करून. आईनं मला म्हटलं, "चाल वं कुसुमे." मी तिच्याबरोबर निघाले.

एसटीत बाळ्या आईच्या मांडीवर झोपला. आईनं सगळ्या वाटेनं त्याच्या केसांतून हात फिरवला. आम्ही देवरावाच्या अंगणात शिरलो तेव्हा वहिनी तुरीच्या शेंगा सोलत होती. तिनं आम्हाला पाहिलं आणि ती उठलीच नाही, सोललेली शेंग हातात तशीच राहिली. आईनं जाऊन बाळ्याला तिच्या ओटीत ठेवलं. तो जागा झाला, तिच्याकडे पाहिलं आणि एकदम हसला नाही की रडला नाही. आधी तिच्या तोंडाला हात लावून पाहिलं. मग पदरात शिरला. वहिनी "माय वं, माय वं" एवढंच म्हणत राहिली. ते ती आईला म्हणत होती की तिच्या स्वतःच्या मायला, कोण जाणे.

आईनं देवरावाला बोलावलं. "त्या मानसाले निरोप धाड. पोरगं घेत असन तं बायको भेटन. नाई तं दोघंही माह्या घरी येतीन, मी पोसतो." देवराव गांगरला. पण तो माणूस आला, मानोऱ्याकडचा. आम्ही तोवर तिथेच राहिलो. काळासावळा, हळू बोलणारा, हातातली टोपी चुरगाळत बसला. बाळ्याला त्यानं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "ठीक हाये मावशी. ठेवतो. माह्यं नाव लावतो. पन एक गोष्ट. तुमी मंग येत जाऊ नोका. दोन घराचं केलं तं पोरगं कोनाचंच होत नाई. त्याले मी बाप म्हनून पायजे, तं मीच पायजे."

 वहिनीनं मान वर केली. मला वाटलं आई आता नाही म्हणेल.

आई म्हणाली, "शब्द देतो. नाई येत."

परतीच्या एसटीत तिच्या मांडीवर रिकामी गोधडी होती. वहिनीकडे द्यायची राहून गेली म्हणाली. राहून गेली की ठेवली, ते मी कधी विचारलं नाही.

बाबा आईशी पुढच्या पेरणीपर्यंत बोलले नाहीत. नंतर बोलले, पण हळदीचं वावर त्यांनी पडीक ठेवलं ते ठेवलंच. सरांची बदली झाली. मी शिकले, वाशीमला शाळेत लागले, इथेच संसार केला. दहावीच्या वर्गाला हा शब्द शिकवायची वेळ दर काही वर्षांनी यायची. मी मुलांना सांगायचे की या क्रियापदाची भूतकाळाची दोन रूपं आहेत. माणूस मरणानं गेलं तर बिरीव्ह्ड. आणि मरण न येता काही गेलं, आशा गेली, आधार गेला, तर बिरेफ्ट. मुलं लिहून घ्यायची. मला आई दिसायची. ती एकाच वर्षात दोन्ही झाली होती, आणि दुसऱ्या वेळी तिनं स्वतःच्या हातानं दिलं होतं. त्याला कोणतं क्रियापद लावायचं ते शब्दकोशात मला मिळालेलं नाही.

आईनं शब्द पाळला. मानोऱ्याकडच्या कोणाचं लग्न निघालं की ती जायची नाही. वहिनीला पुढे दोन मुली झाल्या, बरं चाललं आहे, एवढं वाऱ्यावर कळायचं आणि ती "बरं" म्हणायची. शेवटचे दिवस ती माझ्याजवळ होती. तिनं कधी बाळ्याचं नाव काढलं नाही. गेली तीही तशीच, एका सकाळी, अंथरुणात.

ती गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात माझ्या दाराशी एक माणूस आला. पन्नाशीकडे झुकलेला, कानशिलं पांढरी, हातात हेल्मेट. "बाई हायेत का?" म्हणाला. वाशीमभर माझे विद्यार्थी, रोज कोणी ना कोणी येतो. मी म्हटलं, "ये, बस. कोणत्या बॅचचा तू?"

"मी तुमच्या शाळेत नव्हतो," तो म्हणाला. "मी सुमनचा पोरगा. मानोऱ्याहून आलो."

मी दार पूर्ण उघडलं. त्याचा बाप, म्हणजे ज्यानं त्याला वाढवलं तो, दिवाळीत वारला होता. त्यानंतर वहिनीनं त्याला सगळं सांगितलं होतं. तो बसला, पाणी प्यायला. इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "आजी हाये का?"

मी नाही म्हटलं. कधी गेली ते सांगितलं. त्यानं मान खाली घातली. हेल्मेटचा पट्टा तो बराच वेळ उघडत आणि लावत राहिला. मग म्हणाला, "एक इचाराचं होतं तिले. मी तिच्या पोराचं एकुलतं एक लेकरू. मले ठेवून काहून नाई घेतलं तिनं? मी जड झालो होतो का?"

मग मी त्याला सांगितलं. इथे लिहिलं तसंच, वीज, सरांचा शब्द, चुलीपाशी जळालेली भाकर, वहिनीची ओली चोळी, एसटीतला प्रवास. बोलता बोलता दुपार झाली.  आईनं अंगणात दिलेल्या शब्दापाशी मी आले तेव्हा तो उठून खिडकीशी गेला आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. मी आत जाऊन वरण-भात लावला. तो जेवला, थोडंच.

निघताना चपला घालून तो पायरीवर थांबला. "मी तुमाले काय म्हनू?" त्यानं विचारलं. "बाई म्हनलं तं बरं नाई वाटत."

"आत्या," मी म्हणाले.

"बरं, आत्या. येतो मी."

गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी दारात उभी होते. दादा माझा एकुलता भाऊ. मला आत्या म्हणू शकेल असं दुसरं कोणी या जगात नाही, आणि ती हाक मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.